नकाशा मोठा, दार बंद

एखादा आरपीजी, म्हणजे आपलं पात्र घडवत खेळायचा व्हिडिओ गेम, खेळाडूला खरोखर किती मोकळीक देतो हे जोखायचं असेल, तर त्याच्या नकाशाकडे पाहत बसू नये. एखादं कुलूपबंद दार गाठावं आणि त्याच्याशी झटापट करून पाहावी. 'स्कायरिम'चा (2011) नायक आरोळी ठोकून उडता ड्रॅगन जमिनीवर आणतो, तोंडानं आग ओकतो, पण लाकडी दारावर 'किल्ली लागेल' एवढी ओळ उमटली की त्याची सगळी विद्या तिथेच संपते. ते दार जळत नाही, कुऱ्हाडीनं फुटत नाही. त्याच्या अकरा वर्षं आधीच्या 'डेउस एक्स'मध्ये (2000) दाराजवळ गेलं की दोन आकडे दिसतात: कुलपाची ताकद किती टक्के आणि दाराची किती टक्के. कुलूप 40 टक्क्यांचं असेल, तर ते कौशल्य न शिकलेल्याला एका लॉकपिकमागे (कुलूप उघडायचं, वापरलं की संपणारं अवजार) 10 टक्केच मिळतात, म्हणजे चार लॉकपिक खर्ची पडतात. पारंगत माणसाचं काम एकात होतं. लॉकपिक वाचवायचे असतील तर स्फोटक लावून दार उडवा. आवाज होईल, पहारेकरी धावत येतील, पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा. नाहीतर किल्ली कुणाच्या खिशात आहे ते शोधा. काही दारं तिथेही अभेद्य आहेत, पण ती तसं आधीच सांगून मोकळी होतात.

खेळांच्या जाहिरातीत मात्र मोकळीक मोजायची ती चौरस किलोमीटरमध्ये, अशी रीत पडली आहे. 'स्टारफील्ड' (2023) आला तो हजाराहून जास्त ग्रहांची द्वाही फिरवत. परीक्षणं लिहिणारेही नकाशा किती मोठा, क्वेस्ट (खेळात सोपवलेल्या कामगिऱ्या) किती, एकूण तास किती याच मापानं गुण देतात, आणि निर्माते पैसा तिकडेच ओततात. मापच चुकलं आहे. मोकळ्या मैदानात कुठेही धावता येणं ही हिंडण्याची सोय झाली. खेळाडूचं स्वातंत्र्य दोन गोष्टींवर उभं असतं: त्यानं केलेलं कृत्य खेळानं ओळखलं पाहिजे, आणि ओळखून सोसलं पाहिजे. शंभर चौरस किलोमीटरच्या जगात जर प्रत्येक क्वेस्ट ठरल्या जागी, ठरल्या माणसाशी, ठरल्या क्रमानंच पुरी होत असेल, तर ती लांबलचक बोळकांडीच आहे, फक्त भिंती रंगवून त्यावर डोंगर काढले आहेत.

ओळखण्याचं तंत्र आधी पाहू. लेव्हल, म्हणजे खेळातली एकेक जागा, बांधण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत रचनाकार प्रसंग लिहितो: खेळाडू या चौकोनात आला की ट्रिगर (आधीच लावून ठेवलेला चाप) पेटेल, पूल कोसळेल, शत्रू येतील. दुसरीत तो वस्तूंना गुणधर्म देतो: लाकूड जळतं, पाण्यातून वीज जाते, काच फुटते, आवाज इतक्या अंतरापर्यंत ऐकू जातो. मग प्रसंग खेळाडू घडवतो. 'प्रे'मध्ये (2017) फोमचे बाण मारणारी एक खेळण्यातली बंदूक आहे. तिनं कुणालाही इजा होत नाही, शत्रूसमोर ती निरुपयोगीच. पण त्या अंतराळस्थानकातल्या संगणकांचे पडदे स्पर्शावर चालतात, आणि फोमचा बाण हाही स्पर्शच. बंद खोलीच्या खिडकीला फट असेल तर बाहेरून बाण मारून आतल्या पडद्यावरचं दार उघडण्याचं बटण दाबता येतं. 'पडद्याला स्पर्श झाला की बटण दाबलं जातं' हा नियम 'खेळाडू पडद्यासमोर उभा असताना' अशी अट न घालता लिहिला गेला, म्हणून हे शक्य झालं.

यात गोम अशी की नियम एकदा दिला की तो सगळीकडे पाळावा लागतो. एका खोलीत लाकडी फळी जळते आणि पुढच्या खोलीतली जळत नाही, असं दोनदा झालं की खेळाडू प्रयत्न करणंच सोडतो. तिसरी फळी कितीही कल्पकतेनं ठेवलेली असो, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही. म्हणून गुणधर्म थोडे असावेत पण पक्के असावेत. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) हा काटेकोरपणे आरपीजी नव्हे, पण या बाबतीत त्याचं उदाहरण टाळता येत नाही. विजेचं कोडं सोडवताना दिलेला धातूचा ठोकळा सापडला नाही तर खेळाडू आपल्याच तलवारी आणि ढाली जमिनीवर मांडून वीज पुढे नेतात आणि दार उघडतं. धातू तो धातू. वादळात हीच तलवार पाठीवर असेल तर वीज अंगावर कोसळते, तेव्हा तक्रारीलाही जागा राहत नाही.

आता वाटांचा प्रश्न. 'प्रत्येक अडचणीला तीन उत्तरं: लढा, लपा, बोला' हे सूत्र आता इतकं रुळलंय की त्याचा साचा झाला आहे. साचा झाला की काय होतं ते 'डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन'मध्ये (2011) दिसतं. पहारा असलेलं दार दिसलं की खेळाडू आजूबाजूच्या भिंतींकडे नजर टाकतो, कारण हवेचा व्हेंट तिथेच कुठेतरी असणार. पेटी सरकवली की जाळी दिसते, जाळीतून रांगलं की पहारेकऱ्याच्या पाठीमागे. पहिल्या दोन वेळा हुशारी केल्यासारखं वाटतं. दहाव्या वेळी कळतं की आपण योजना आखत नाही आहोत, मेन्यूतून पदार्थ निवडतो आहोत.

हा दोष कागदावरच पकडता येतो, लेव्हल अजून करड्या ठोकळ्यांची असताना, ब्लॉकआउटच्या टप्प्यावर. समजा एक कोठार आहे, आत हवी ती पेटी, बाहेर चार पहारेकरी. खेळानं खेळाडूला लढणं, लपणं, कुलूप उघडणं, पटवणं आणि चढणं अशी पाच क्रियापदं दिली आहेत. प्रत्येक क्रियापदापुढे चार रकाने आखा: काय खर्च होतं, किती वेळ लागतो, फसलं तर काय होतं, आणि काम झाल्यावर जग कसं बदललेलं असतं. लढलं तर गोळ्या संपतात, पण कोठार मोकळं होतं आणि निवांत झडती घेता येते. छपरावरून उतरलं तर काहीच खर्च होत नाही, पण जड पेटी घेऊन त्याच वाटेनं वर चढता येत नाही, बाहेर पडायला दुसरा रस्ता शोधावा लागतो. पहारेकऱ्याला पटवलं तर तो आत सोडतो, पण चेहरा ओळखून राहतो आणि उद्या चोरी उघडकीला आल्यावर तुमचंच वर्णन सांगतो. दोन वाटांचे चारही रकाने सारखे भरले गेले तर त्या दोन वाटा नाहीत, एकच आहे. व्हेंटची बहुतेक वेळा हीच गत असते: खर्च शून्य, धोका शून्य, आणि काम झाल्यावर जग जसंच्या तसं. जिथे एक वाट फुकट असते तिथे बाकीच्या शोभेपुरत्या उरतात.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते: वाटा पाच, पण सगळ्या शेवटी एकाच चिंचोळ्या जागी येऊन मिळतात. 'ह्यूमन रेव्होल्यूशन'मध्येच लपूनछपून, एकही जीव न घेता खेळणाऱ्याला मोठ्या शत्रूंशी बंद खोलीत समोरासमोर लढावं लागत होतं. त्या लढाया बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतल्या होत्या आणि ते जाणवायचं. खेळाडूनं सगळे गुण हॅकिंगमध्ये आणि संभाषणात घातलेले, आणि खोलीत गेल्यावर दार मागे बंद. 2013 च्या सुधारित आवृत्तीत त्या खोल्यांमध्ये व्हेंट आणि हॅक करता येणाऱ्या तोफा आल्या. वरातीमागून घोडं म्हणा, पण चूक कबूल केली गेली. 'व्हँपायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स'चं (2004) असंच झालं. निम्माअधिक खेळ शब्दांवर आणि मोहिनीवर निभावतो, आणि उत्तरार्धात गटारांतून आणि बुरुजांतून एकामागून एक लढाया पुढ्यात येतात. पात्र घडवताना दिलेलं वचन लेव्हलनं मोडलं. आरपीजीत ही फसवणूक इतर खेळांपेक्षा जास्त झोंबते, कारण इथे खेळाडूनं वीस तास आधी केलेली निवड मागे घेता येत नाही.

वाटा असून चालत नाही, त्या निर्णयाच्या आधी दिसाव्या लागतात. चांगल्या लेव्हलमध्ये आत शिरण्याआधी एक थांबण्याची जागा असते, थोडी उंच, सुरक्षित, जिथून निदान तीन शक्यता एका नजरेत येतात: फाटक, मागची कड, वरची तुळई. ती जागा नसेल तर खेळाडू समोरच्या दारानंच जातो आणि बाकीच्या वाटा त्याला परत येताना सापडतात, जेव्हा त्यांचा काही उपयोग नसतो. प्लेटेस्टमध्ये, म्हणजे खेळ बाहेर येण्याआधी लोकांना खेळायला देऊन पाहताना, हे लगेच कळतं. दहातल्या नऊ जणांनी एकच वाट धरली तर उरलेल्या वाटा कमी आकर्षक आहेत असं समजून लोक तिथे बक्षीस वाढवतात, आणि खरं कारण एवढंच असतं की मधली भिंत दोन फूट जास्त उंच आहे.

'बाल्डर्स गेट 3'मधला (2023) गॉब्लिनांचा तळ या दृष्टीनं बारकाईनं पाहण्यासारखा आहे. काम सरळ आहे, तीन म्होरक्यांना संपवायचं. फाटकावर बोलून आत जाता येतं, म्हणजे हल्ला करण्याआधी सगळा तळ शत्रूचा पाहुणा म्हणून फिरून बघता येतो. ही थांबण्याची जागाच झाली, फक्त ती उंचावर नसून संभाषणात आहे. अंगणात दारूचा हंडा आहे, त्यात विष मिसळता येतं. म्होरक्यांपैकी एक, 'गट' नावाची पुजारीण, तुम्हाला उपचाराच्या निमित्तानं स्वतःहून आपल्या खाजगी खोलीत एकटं नेते, तिथे आवाज न करता तिचं काम उरकता येतं. दुसरा म्होरक्या ड्रॉर रॅगझ्लिन याच्या सिंहासनाच्या दालनावर तुळया आहेत. आणि नगारे आहेत: लढाई पेटली की कुणी गॉब्लिन नगाऱ्याकडे धावतो, तो वाजला की बाकीचे येतात. नगारा आधीच फोडला असेल तर येत नाहीत. एका वस्तूनं त्या रचनेत दोन कामं केली आहेत, धोका काय आहे ते सांगितलं आणि तो टाळायचा कसा तेही. याच खेळात मेलेल्यांशी बोलण्याचा मंत्र आहे, पण ज्यानं मारलं त्याच्याशी प्रेत बोलत नाही. वेश बदलून गेलात तर बोलतं. ओळखणं म्हणजे हे.

आता बक्षिसांकडे वळू, कारण इथे भले भले रचनाकार घसरतात. वाटा सगळ्या खुल्या ठेवायच्या आणि अनुभवाचे गुण एकाच वाटेवर पेरायचे, म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेणं. 'ह्यूमन रेव्होल्यूशन'मध्ये हॅक केल्याचे गुण मिळत होते, पासवर्ड टाकून उघडल्याचे मिळत नव्हते. परिणाम असा की पासवर्ड खिशात असताना लोक तोच संगणक हॅक करत बसायचे, आणि पासवर्ड शोधण्यासाठी ठेवलेली पत्रं, लपवलेल्या चिठ्ठ्या, ऐकू येणारी संभाषणं हा सगळा मालमसाला वाया जायचा. उपाय जुनाच आहे: गुण काम झाल्याचे द्यावेत, कसं झालं त्याचे नव्हे, आणि नवी जागा शोधल्याचे वेगळे द्यावेत. 'डिसऑनर्ड'मध्ये (2012) दुखणं निराळं. माणसं मारली की शहरात उंदीर आणि रोग वाढतात, शेवटही काळवंडतो. कल्पना उत्तम, कृत्याची नोंद जगानं घेतली. पण खेळाडूच्या हाती दिलेली बहुतेक मजेशीर आयुधं जीव घेणारी होती. चांगला शेवट हवा असणारा माणूस अर्धी पेटी न उघडताच खेळ संपवतो. नोंद घ्यायची तर दोन्ही बाजूंना तितकीच खेळणी द्यावी लागतात.

जगाची काठिण्यपातळी हा तसा आकड्यांचा विषय, पण त्यावर लेव्हलची मोकळीक तरते किंवा बुडते. 'ऑब्लिव्हियन'नं (2006) कुठेही जा, काहीही करा असं सांगितलं आणि ते जमावं म्हणून शत्रूंची ताकद खेळाडूबरोबर वाढवत नेली. मग पुढच्या पातळ्यांवर रस्त्यातले वाटमारे अंगावर मोलाचं काचेचं चिलखत घालून शंभर नाण्यांसाठी वाट अडवू लागले. ते चिलखत विकलं असतं तर त्यांना जन्मभर लुटायची गरज पडली नसती. विनोद सोडा, खरं नुकसान भूगोलाचं झालं. सगळीकडे सारखाच धोका असेल तर कुठे जायचं हा प्रश्नच उरत नाही.

'फॉलआउट: न्यू व्हेगस'नं (2010) उलट केलं. खेळ सुरू होतो त्या गुडस्प्रिंग्ज गावाहून व्हेगस उत्तरेला, जवळ. पण त्या वाटेवर कॅझाडोर नावाचे विषारी किडे आणि खाणीत डेथक्लॉ, दोन्ही सुरुवातीच्या पात्राला क्षणात लोळवणारे. म्हणून बहुतेक जण दक्षिणेनं प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा मोठा वळसा घेतात, आणि कथा त्या वळशावर मांडलेली आहे. अदृश्य भिंत घालून उत्तर बंद करता आली असती. त्याऐवजी गावातल्या शाळेच्या तिजोरीत अदृश्य होण्याचं एक यंत्र ठेवलं आहे. ज्याला ते सापडतं आणि जो हिशेब मांडतो, तो पहिल्याच तासात उत्तरेनं निसटू शकतो. धोक्याचं कुंपण अशा रीतीनं घातलं की नवख्याला वाट मिळते आणि हट्टी माणसाला फट. 'एल्डन रिंग'मध्ये (2022) दारातच सोनेरी घोडेस्वार उभा असतो. त्याच्याशी भिडलं की एकच धडा मिळतो, वळसा घाल. पुढे स्टॉर्मव्हेल किल्ल्याचं मुख्य फाटक आहे, आडवाट आहे, आणि किल्ला संपूर्ण टाळून कड्याच्या बाजूनं पलीकडच्या प्रदेशात जाणारी पायवाटही आहे. पायवाट सापडल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. ती तिथे आहे, बस्स.

सोसण्याचा कस कथेत लागतो. खेळाडूनं कथेतला महत्त्वाचा माणूस मारला तर काय? 'मॉरोविंड' (2002) त्याला मारू देतो आणि पडद्यावर सांगतो की नियतीचा धागा तुटला, जुनं सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) लोड करा किंवा या बिघडलेल्या जगात राहा. राहिलात तरी मागच्या दारानं, अंगावर इजा सोसून, शेवट गाठता येतो. त्याच मालिकेतल्या पुढच्या 'ऑब्लिव्हियन'पासून अशी माणसं मरेनाशी झाली, तलवार खुपसली तरी गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळानं कपडे झटकून उठतात. 'न्यू व्हेगस'मधलं उत्तर मला सगळ्यांत देखणं वाटतं. तिथे येस मॅन नावाचा यंत्रमानव आहे, त्याचं डबडं फोडलं की तो दुसऱ्या डबड्यात शिरून हसत परत येतो. कथेतल्या महत्त्वाच्या माणसांत तोच तेवढा मरत नाही, आणि का मरत नाही याचं कारण त्याच्या जातीतच आहे. एवढी एक वाट पक्की केल्यामुळे बाकी जवळपास सगळ्यांना, राजापासून हुजऱ्यापर्यंत, मरण्याची मुभा देता आली.

याच्या नेमकं उलट 'फॉलआउट 3'चा (2008) शेवट. घातक किरणोत्सर्गानं भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन यंत्र सुरू करायचं आहे, जाईल तो मरेल. तुमच्यासोबत फॉक्स नावाचा सोबती असू शकतो, ज्याला किरणोत्सर्ग बाधत नाही, आणि थोड्याच वेळापूर्वी तो अशाच खोलीतून तुमच्यासाठी वस्तू घेऊन आलेला असतो. इथे मात्र तो म्हणतो, हे तुझं प्राक्तन आहे. नियम खेळानंच शिकवला आणि लेखकाला हुतात्मा हवा होता म्हणून खेळानंच मोडला. पुढच्या वर्षी आलेल्या विस्तारात फॉक्सला आत पाठवता येऊ लागलं.

मोठ्या उलथापालथींइतकीच छोटी नोंद महत्त्वाची असते, आणि ती स्वस्तही पडते. 'डेउस एक्स'च्या मुख्यालयात नायक स्त्रियांच्या स्वच्छतागृहात डोकावला तर नंतर साहेब त्याला त्याबद्दल टोकतात. एक फ्लॅग (अमुक घडलं की नाही याची खेळानं ठेवलेली खूण), एक वाक्य. पण त्या एका वाक्यानंतर खेळाडू पुढचे कित्येक तास असं धरून चालतो की कुणीतरी बघतंय. आणि बघत असतंच: नायकाचा भाऊ पॉल हॉटेलच्या खोलीत 'तू खिडकीतून निघून जा' म्हणतो, तसं गेलात तर तो मरतो, थांबून लढलात आणि दारानं बाहेर पडलात तर वाचतो. पडद्यावर 'अ की ब' असा प्रश्न येत नाही. खिडकी आणि दार, दोन्ही लेव्हलचे भाग, तेच उत्तरपत्रिका. निवडीची खूणगाठ दाखवणाऱ्या संवादचौकटींपेक्षा हे कितीतरी बरं, आणि करायला अवघडही नाही.

अपयश सोसता न येणं हे मात्र अवघड दुखणं आहे. पहारेकऱ्यानं पाहिलं, की घंटा, की रीलोड, म्हणजे जुन्या सेव्हपासून पुन्हा सुरुवात. असं होत असेल तर लपण्याची वाट नावालाच आहे, प्रत्यक्षात ती पाठांतराची परीक्षा आहे. पहारेकऱ्याला संशय, शोध आणि हल्ला अशा पायऱ्या हव्यात, शोध ठरावीक वेळानं निवळला पाहिजे, आणि लपायची जागा धावत पोहोचता येईल इतक्या अंतरावर हवी. टक्केवारीवर चालणाऱ्या संभाषणात तर रीलोडची चटक हमखास लागते. 'डिस्को एलिझियम'नं (2019) त्यावर दोन उपाय केले. काही फासे एकदाच टाकता येतात, काही कौशल्य वाढल्यावर पुन्हा खुले होतात. आणि अपयश आलं तरी दृश्य थांबत नाही, वेगळीकडे वळतं, पुष्कळदा जास्त मजेशीर दिशेनं. त्या खेळाचा नकाशा म्हणजे बंदराकाठचा एक मोहल्ला. ग्रह एकही नाही.

या सगळ्यावर खरा आक्षेप पैशांचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दहा हो-नाही फ्लॅग एकमेकांत गुंतले की 1024 अवस्था होतात. प्रत्येकीला अर्धा तास तपासायचं म्हटलं तर 512 तास, तेही एका लेव्हलपुरते. शिवाय प्रत्येक पात्राला आवाज देण्याची रीत पडल्यापासून एक जादा शक्यता म्हणजे जादा रेकॉर्डिंग, आणि निम्मे खेळाडू ते ऐकणारही नाहीत. लेखापालाला हे पटवणं सोपं नाही. पण हा हिशेब फ्लॅग गुंतवण्याचा आहे, मोकळीक देण्याचा नव्हे. कोठारातल्या चोरीची आठवण त्या गावापुरती ठेवली, गावाबाहेर फक्त 'चोर' एवढी एकच खूण नेली, तर 1024 च्या जागी पाचसात अवस्था उरतात. गुणधर्मांवर चालणाऱ्या गोष्टींना तर फ्लॅगच लागत नाही, फोमच्या बाणाला कुणी आवाज दिलेला नाही. 'बाल्डर्स गेट 3'चा पहिला अंक ऑक्टोबर 2020 पासून ऑगस्ट 2023 पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे खेळ पुरा होण्याआधीच, खेळाडूंच्या हाती होता, आणि तोच सगळ्यांत घट्ट विणलेला आहे. तिसऱ्या अंकाला ती संधी मिळाली नाही, त्याच्या शिवणी सुरुवातीला उसवलेल्या दिसत होत्या. म्हणजे खर्च आहे, पण तो कलाकारांच्या फौजेवर कमी आणि तपासणीच्या वेळेवर जास्त आहे. हजार रिकाम्या टेकड्या रंगवायलाही पैसे लागतातच की.

सरळ रेषेतल्या खेळांशी माझं भांडण नाही. 'फायनल फॅंटसी 13'ला (2009) बोळकांडी म्हणून खूप शिव्या बसल्या, पण त्यानं निदान आपण बोळकांडी आहोत हे लपवलं नाही. लय, संगीत, लढाईचा चढता क्रम या गोष्टी अरुंद वाटेवरच नीट साधतात. उलट 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये (2014) सुरुवातीचा हिंटरलँड्सचा प्रदेश इतका मोठा आणि इतक्या किरकोळ कामांनी भरलेला होता की कित्येक जण औषधी मुळ्या गोळा करत तिथेच अडकले आणि कथा पुढे वाट पाहत राहिली. मोकळं म्हणून दिलं ते कारकुनीचं टेबल निघालं.

मार्करचंही, म्हणजे कुठे जायचं ते दाखवणाऱ्या खुणेचंही, तसंच. 'मॉरोविंड'मध्ये माणसं तोंडी पत्ता सांगायची, अमुक खडकापाशी डावीकडे वळ, पुढे पूल लागेल. कधी तो पत्ता चुकीचाही असे. पुढच्या खेळांत होकायंत्रावर बाण आला आणि संवादातले पत्ते गळाले. आता सेटिंगमध्ये 'मार्कर बंद करा' अशी सोय देतात खरी, पण बंद केल्यावर कुठे जायचं हे कुणी सांगतच नाही, कारण ते वाक्य लिहिलंच गेलेलं नाही. सोय काढून घेतल्यावरही जगात वावरता येतं का, हे परीक्षण लिहिणाऱ्यानं पहिल्या दिवशी करून बघावं. तसंच एखाद्या महत्त्वाच्या माणसावर तलवार चालवून बघावी, आणि बोलक्या पात्रानं शेवटच्या तासापर्यंत पोचता येतं का तेही. चौरस किलोमीटर प्रसिद्धीपत्रकात आहेतच.

निर्मात्यांचा कल कळण्याची आणखी एक जागा आहे, अपडेटच्या नोंदी. 'डेउस एक्स'च्या खेळाडूंनी शोधलं होतं की भिंतीला चिकटणाऱ्या सुरुंगावर उभं राहता येतं. एक लावा, चढा, वर दुसरा लावा, खालचा काढून घ्या, पुन्हा चढा. असं करत जिथे कुणी कधी जावं असं ठरलेलं नव्हतं तिथे लोक पोचले. आज असं काही सापडलं की महिन्याभरात पॅच (दुरुस्ती) येतो आणि सुरुंगाचं कोलिजन, म्हणजे त्याचा भरीवपणा, काढून टाकलं जातं. दुसराही इलाज असतो, आणि त्याला एका माणसाची अर्धी दुपार पुरते: त्या छपरावर जाऊन बघायचं, तिथून काय काय दिसतं, पलीकडे उडी मारली तर जमीन आहे का, आणि एका कोपऱ्यात काडतुसांची पेटी ठेवून यायची.